एक्केचाळिसावा आवाज

१

माझ्या वस्तादांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. पाण्याला पाठ दाखवायची नाही, ही एक. आणि दुसरी, पाणी मोजता येत नाही म्हणून माणसं मोजायची.

मी ज्योतिबा. मूळचा निपाणीकडचा, विहिरीत पोहायला शिकलेला. बेंगळुरात होसूर रोडला नगरसभेनं पोहण्याचा टँक बांधला तेव्हापासून तिथं जीवरक्षक. चौदा वर्षं झाली. माझी पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. दर पंधरा मिनिटांनी मी एक लांब शिट्टी मारतो. पाण्यातली सगळी माणसं काठाला येतात, कड धरतात, आणि उथळ टोकापासून सुरू करून एकेक जण आपला आकडा मोठ्यानं ओरडतो. कुणी कानडीत, कुणी तमिळमध्ये, कुणी इंग्रजीत. शेवटचा आकडा पडेपर्यंत कुणी कड सोडायची नाही. दारावर जेवढी माणसं आत घेतली तेवढा आकडा आला तर ठीक, एक जरी कमी पडला तर मी खाली. लोक कुरकुरतात, शिकलेले जरा जास्तच. कुरकुरू देत. चौदा वर्षांत एकही मढं बाहेर काढलेलं नाही.

सत्त्याण्णव साली तीन गावच्या तीन नगरसभांनी मिळून ठराव केला. तिघींचे टँक, व्यायामशाळा, टेबल टेनिसच्या खोल्या, सगळं एकाच कंपनीला चालवायला दिलं. एरवी गटाराच्या एका नळीवरून भांडणाऱ्या या नगरसभा, पण हात झटकायची वेळ आली तेव्हा एका सुरात बोलल्या. कंपनीनं मॅनेजर पाठवला अजित, पुण्याचा, तिशीतला, पांढरेशुभ्र बूट घालून ओल्या फरशीवर चालणारा. मुलगा वाईट नव्हता. पण उंटावरचा शहाणा.

"काका, तिन्हीकडे आता एकच टाइमटेबल," तो म्हणाला. "सहाला बॅच, सव्वासहाला पहिली शिट्टी. मिनिटाचा फरक नको. आणि तीन टँकना तीन गार्ड म्हणजे जास्त होतात. तुम्ही जे. पी. नगरच्या पलीकडचा मोठा टँक घ्या. दुसरा गार्ड प्राणेश कनकपुरा रोडचा घेईल."

"आणि होसूर रोड?"

"तो लहान आहे, लो रिस्क. कौंटरवरच्या कौशल्या मॅडम बेल वाजवतील."

"बेल वाजवतील. मोजणार कोण?"

"मोजायचंय काय काका? लोक शिकलेले आहेत."

मी पुढं वाद घातला नाही, आणि ती माझी चूक. कारण होसूर रोडच्या टँकमागच्याच गल्लीत माझं घर आहे. आणि त्या टँकमध्ये रोज सकाळी सहाला माझी मुलगी प्रणिता पोहते.

२

मोठ्या टँकवर सकाळची पहिली बॅच पुरुषांची. चाळीस माणसं, एकही कमी नाही की जास्त नाही, कारण कंपनीनं चाळिसावर दार बंद करायचं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोजणी समजावून सांगितली. नरसिंहराव म्हणून बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, पोट सुटलेले, हसरे. ते नेहमी खोल टोकाच्या कोपऱ्यात, शिडीपाशी. त्यामुळे शेवटचा आकडा त्यांचा. "नलवत्तु!" असं ते देवळात घंटा बडवावी तसं ओरडायचे, आणि सगळे हसायचे. कानडीत चाळीस म्हणजे नलवत्तु.

तीन आठवडे सगळं सुरळीत गेलं. चौथ्या सोमवारी सव्वासहाला मी शिट्टी मारली. आकडे सुरू झाले. ओंदु, एरडु, थ्री, फोर, असं करत थर्टी एट, थर्टी नाइन. नरसिंहराव ओरडले, "नलवत्तु!"

आणि त्यांच्या पलीकडून आवाज आला. "नलवत्तोंदु."

एक्केचाळीस. आणि आवाज बाईचा होता.

वयस्कर बाई. घाबरलेली नाही, किंचाळलेली नाही. शाळेत हजेरी देतात तसा नीट, स्पष्ट आवाज. नरसिंहरावांनी मान वळवली. त्यांच्या पलीकडं फक्त शिडी, आणि शिडीच्या पलीकडं बारा फूट पाणी.

"यारु अदु?" ते म्हणाले. कोण ते?

कुणी हसलं नाही. मला वाटलं, अरे, पत्र्याच्या छपराखाली आवाज फिरतो, बाहेर रस्त्यावरून कुणी बोललं असेल. पण आकडा चुकला तर खाली जायचं, हा नियम माझाच. कमी आला काय नि जास्त आला काय. मी उडी मारली.

खाली कुणी नव्हतं. तेवढं बघून वर यायचं, पण मी तळाला हात लावायला गेलो, आणि तळ लागेना. कान ठणकायला लागले, जसे गावच्या विहिरीत फार खोल गेल्यावर ठणकायचे. बारा फुटांत माझे कान असे कधी दुखत नाहीत. मग हात फरशीला टेकला, गुळगुळीत पांढरी फरशी, आणि मी वर आलो.

"काही नाही," मी म्हणालो. "चला, पोहा."

३

बॅच संपल्यावर ऑफिसातून होसूर रोडला फोन लावला. कशासाठी लावला ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"सगळं ठीक हाय ना, अक्का?"

"हां अण्णा, सगळं सरी, ठीक," कौशल्या म्हणाली. "त्या पद्मावती टीचर आहेत बघा, त्या चुकून खोल भागात गेल्या. खाली गेल्या होत्या स्वल्प. मी बेल वाजवायला वळले होते, मला दिसलंच नाही. पण आपणच वर आल्या. आता कॉफी पितायत."

"कधी?"

"बेलच्या वेळेलाच की."

मी फोन ठेवला. आता मी काही खुळा नाही. भूतखेत असल्या गोष्टींना मी जन्मात थारा दिलेला नाही. पाण्यातला माणूस मरतो तो भुतानं नव्हे, घाबरून. सोळा किलोमीटर लांबच्या टँकमधली बाई माझ्या टँकमध्ये आकडा देते, हे कुणाला सांगितलं असतं तर मला निमहान्सच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, म्हटलं. नरसिंहरावांच्या मागून रस्त्यावरची कुणी बाई बोलली. टीचर तेव्हाच बुडायला लागल्या. एवढंच.

अकरा दिवसांनी पुन्हा झालं.

या वेळी तरुण पुरुषाचा आवाज, इंग्रजीत. "फोर्टी वन." नरसिंहराव दचकून कडेला चिकटले. मी चपला काढायलाही थांबलो नाही. खाली गेलो, आणि अर्ध्या वाटेवरच काहीतरी जड माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. दिसत काही नव्हतं. पण वजन मला कळतं, हो. बुडणारा माणूस अंगावर येतो तेच ते वजन. हात आपोआप चालले. मी त्याला वरच्या बाजूला जोरात ढकललं आणि वजन गेलं.

वर आलो तर चाळीस माणसं माझ्याकडं बघतायत. एक्केचाळिसावा नाही.

फोन लावला. कौशल्या हसत होती. "बोम्मसंद्राच्या फॅक्टरीतला एक इंजिनिअर आहे अण्णा, पायात गोळा आला म्हणे. म्हणतो, खालून कुणी तरी ढकललं. मी म्हटलं, तुमच्या खाली फरशीच होती."

मी ऑफिसच्या खुर्चीत बसून राहिलो. माझा खांदा दुखत होता. पाणी निथळून खाली डबकं झालं तरी उठवेना.

४

घरी आल्यावर मी प्रणिताला म्हणालो, "उद्यापासून टँक बंद."

ती पोळी खात होती. चौदा वर्षांची पोर, माझ्या नोकरीएवढंच तिचं वय. राज्याच्या निवडचाचणीला महिना राहिला होता, शंभर मीटर फ्रीस्टाइल. तिनं पोळी ताटात ठेवली.

"का?"

"तिथं गार्ड नाही."

"मग तुम्ही या की परत."

"कंपनी सोडत नाही."

"मग मला तुमच्या टँकला न्या."

"तिथं सकाळी पुरुषांची बॅच. आणि तुझी शाळेची बस?"

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता, पाण्याला पाठ दाखवायची नाही. मग आता काय झालं?"

पोरगी बापाची तलवार बापावरच उगारते ती अशी. तिची आई शालन भात वाढत होती, ती म्हणाली, "अहो, जाऊ द्या की तिला. महिनाभराचा तर प्रश्न. एवढं काय होतंय?"

काय सांगणार? नोकरी सोडावी असंही मनात आलं. पण पन्नाशीच्या माणसाला पोहण्याखेरीज काहीच येत नसेल तर तो सोडून करणार काय? मी एवढंच म्हणालो, "खोल भागात एकटी जायचं नाही." ती हो म्हणाली. खोल भागात गेल्याशिवाय शंभर मीटर होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती होती, ती होतीच. पण खरं सांगू? भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. जिथं कुणी मोजत नाही तिथली माणसं, जिथं मोजतात तिथं येऊन आकडा देत होती. माझ्याकडं. माझ्या शिट्टीला. या विचारानं छाती भरून आली, आणि लाजही वाटली.

५

मार्चमधला गुरुवार. सव्वासहा. मी शिट्टी मारली.

थर्टी सेव्हन, थर्टी एट, थर्टी नाइन. नरसिंहरावांनी डोळे मिटून हळूच म्हटलं, "नलवत्तु." हल्ली ते ओरडत नव्हते.

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"एक्केचाळीस."

मराठीत. त्या बॅचमध्ये मराठी येणारा मी एकटा.

माझी पोर. तिच्या आवाजात भीती नव्हती.

मी कधी उडी मारली ते आठवत नाही. खाली जात राहिलो. पांढऱ्या फरशा यायला हव्या होत्या, आल्या नाहीत. बारा फूट झाले, वीस झाले असतील. कानांत सुया. आणि मग अंधार व्हायच्या ऐवजी समोर उजेड झाला.

आधी भिंत दिसली, निळ्या फरशांची. त्या निळ्यात तांबड्या चार फरशांचं ठिगळ. ते ठिगळ मी ओळखतो. एकोणनव्वद साली निळ्या फरशा मिळेनात म्हणून मीच स्वतःच्या हातानं बसवलेलं, होसूर रोडच्या टँकच्या खोल टोकाला. आणि त्या ठिगळासमोर दोन पाय, झाडत, वेडेवाकडे.

पण मी थांबलो. देवा, क्षमा कर, पण क्षणभर मी थांबलो. कारण त्या टँकच्या पलीकडं आणखी एक पाणी होतं, उजळलेलं. त्याच्या पलीकडं आणखी एक. हिरवं, निळं, मातकट, विहिरीचं काळं, एकापलीकडं एक, मला दिसेल तिथवर. सगळ्यांत माणसांचे पाय हलत होते. एवढं पाणी, आणि एवढं शांत. आणि फार खाली, सगळ्याच्या खाली, काहीतरी मोजत होतं. आवाज नव्हता तो. ठोका होता. पण मोजणंच होतं, मला विचारा, माझा जन्म त्यात गेला. घाई नाही, कंटाळा नाही, एकही चुकवायचा नाही असं. किती काळ चाललं होतं कुणास ठाऊक. मी पाण्याच्या आत, श्वास संपत आलेला असताना, हात जोडले.

त्या हातजोडणीत माझ्या तोंडावर लाथ बसली. बुडणारा माणूस लाथा झाडतो, ते काही नवीन नाही. ओठ फाटला. मी त्या टाचा दोन्ही हातांत धरल्या आणि सगळी ताकद लावून वर फेकल्या.

वर आलो तो माझ्याच टँकमध्ये. नरसिंहरावांनी मला दंडाला धरून शिडीवर ओढलं. ओठातून रक्त येत होतं. बाकीची माणसं कड धरून उभी होती, एकानंही हात सोडला नव्हता.

६

फोन नाही लावला. ऑटो केली. होसूर रोडवर ट्रकमागे ट्रक अडकलेले, ड्रायव्हरला म्हटलं, "बेग होगी, अण्णा," लवकर चला.

प्रणिता घराच्या पायरीवर बसली होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. डोळे लाल. तिनं मला बघितलं, आणि मग माझ्या ओठाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

मी अजून एक शब्द बोललो नव्हतो.

"फार जोरात लागलं का?" ती म्हणाली. "मला कळलंच नाही ओ, अप्पा, तुम्ही आहात ते."

मग ती उठून आत गेली आणि हळदीचा डबा घेऊन आली. बोटानं ओठावर हळद लावायला तिनं हात पुढं केला. मी तो हात धरून लहान मुलासारखा रडलो. शालन दारात उभी राहून विचारत होती काय झालं, काय झालं.

नंतर, आई आत गेल्यावर, प्रणितानं हळूच विचारलं, "अप्पा, ते खाली मोजतं ते तुम्ही पण ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"छान होतं ना?"

मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण खोटं कसं बोलू? मी हो म्हणून मान हलवली.

७

दुसऱ्या दिवशी मी अजितच्या टेबलासमोर उभा राहिलो. बसलो नाही.

"मला होसूर रोडला पाठवा. नाहीतर हा माझा राजीनामा."

त्यानं माझ्या सुजलेल्या ओठाकडं बघितलं. "काका, बसा तरी. काय झालं?"

"पोरगी बुडत होती माझी."

तो खरंच हादरला. पाणी दिलं, खुर्ची दिली. "ठीक आहे, काका. तुम्ही तिकडे जा. सोमवारपासून." मग कागद चाळत म्हणाला, "इथं मग बेल ठेवू. तसंही आणखी दोन नगरसभा आपल्यात येतायत. त्यांचे टँक पण याच टाइमटेबलवर. नवीन गार्ड काही मिळत नाहीयेत, सगळीकडे बेलच."

मी म्हणायला हवं होतं की अरे बाबा, असं करू नको. पहिल्या दिवशी मोजणार कोण एवढं विचारलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. या वेळी म्हणालोच नाही. मला माझी पोर हवी होती. पदरात पडलं तेवढं घेतलं आणि उठलो.

रविवारी नरसिंहरावांनी शिडीपाशी मला विचारलं, "नाळेयिंद यारु एणिस्तारे?" उद्यापासून मोजणार कोण?

"बेल आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडं न बघता टॉवेल उचलला.

८

सोमवारी होसूर रोडला सव्वीस माणसं. बायका, मुली, दोनतीन म्हातारे, सगळे ओळखीचे. पद्मावती टीचरनी हात हलवला. इथं शिडी खोल टोकाला, आणि शिडीपाशी सगळ्यात शेवटी प्रणिता. तिनं ती जागा स्वतःहून घेतली होती. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

सव्वासहाला शिट्टी मारली. किती दिवसांनी या छपराखाली माझी शिट्टी वाजली, बरं वाटलं. ओंदु, एरडु, थ्री, फोर. आकडे पुढं सरकत गेले. चोवीस. पंचवीस.

"सव्वीस," प्रणिता म्हणाली.

कुणी कड सोडली नाही. मी श्वास धरला. तीही शिडी धरून कोपऱ्यातल्या पाण्याकडं बघत होती.

"इप्पत्तेळु."

सत्तावीस. नरसिंहरावांचा आवाज. घंटा बडवल्यासारखा, पहिल्या दिवसांतला. मी त्यांना पाठ दाखवली होती, आणि ते आकडा द्यायला माझ्याकडंच आले होते.

मी शिट्टी गळ्यातून काढली. तेवढ्यात पुन्हा.

"इप्पत्तेंटु."

अठ्ठावीस. लहान मुलीचा आवाज, सहासात वर्षांची असेल. कधी न ऐकलेला. कुठल्या गावचा, कुठल्या टँकचा, देव जाणे.

दोन माणसं, आणि मी एकटा. एका श्वासात एकालाच आणता येतं. मी काठावर उभा, आणि कुणाकडं जायचं तेच मला ठरवता येईना.

"अप्पा." प्रणितानं गॉगल डोळ्यांवर ओढला होता. आवाज अगदी शांत. "आजोबा तुमचे. लहान ती माझी."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. चौदा वर्षं जिच्यासाठी मोजत आलो ती पोर, चार दिवसांपूर्वी जिला टाचा धरून परत आणलं ती. पण नको हा शब्द बाहेर येईपर्यंत शिडीपाशी कुणी नव्हतं. पाण्यावर दोन बुडबुडे फुटले.

मी टीचरकडं वळून ओरडलो, "कुणी कड सोडू नका! आम्ही येईपर्यंत मोजत राहा, थांबू नका!" आणि तिच्या मागोमाग उडी मारली.

पाणी डोक्यावर मिटलं. वर त्यांनी ओंदुपासून पुन्हा सुरुवात केलेली मला ऐकू येत होती. आणि खालूनही कुणीतरी मोजत होतं, तेच आकडे, अगदी त्यांच्याबरोबर.